येनाहून आलेली गाडी

मिलिंद,

तुझी खोली रिकामी करायला मी मागे एका शनिवारी गेले होते. वैशालीताई तुझ्या अस्थींचा कलश घेऊन संगमनेरला गेल्या. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, भावाच्या त्या खोलीत माझ्याने पाऊल टाकवणार नाही. मग कोण जाणार? मीच. तुझ्या शर्टांच्या घड्या घालत बसले होते. सगळे मेले निळे. नजर पुरती जायच्या आधी आरशात स्वतःला शेवटचं नीट पाहिलंस तेव्हा अंगात निळा शर्ट होता, म्हणून तू तो विषय कायमचा मिटवला होतास. त्या निळ्या ढिगाशी मी बसलेली, आणि पाठीमागून टेबलावरून आवाज आला, "बर्लिनहून आलेली गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. लांबी एक्केचाळीस मिनिटे."

किंचाळलेच मी. मग डोक्यात प्रकाश पडला. तुझा कॉम्प्युटर कोणी बंदच केला नव्हता. तू हॉस्पिटलात गेल्यापासून तो रोज ठरल्या वेळी जागा होत होता, तुझे पॉडकास्ट उतरवून ठेवत होता, आणि रिकाम्या खोलीला अनाउन्समेंट करत होता. ऐकणारा मेलाय हे त्याला कोण सांगणार? तुझ्या खुर्चीत बसून मी पोटभर रडले. मग उठून राहिलेल्या शर्टांच्या घड्या घातल्या, कारण खोली महिनाअखेर द्यायचीच होती.

परवा हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आपली येनाची मराठी मंडळी जमली होती, तुझ्यासाठी. तिथे नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं की मिलिंददादा नक्की काय बनवायचे. पीएचडीचा विषय तर आमच्यातही कोणाला कधी कळला नाही. म्हणून मी तुझ्या 'गाडी' या प्रोग्रामबद्दल सांगितलं. म्हटलं, पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर ठेवलेले रेडिओसारखे कार्यक्रम. ते उतरवून घ्यायची ॲप्स असतात, पण ती डोळसांची. चित्रं, रंग, सरकणारे पट्टे. मिलिंदने ते सगळं फेकून दिलं. काळा पडदा, त्यावर चार अक्षरं टाइप करायची, जी, ए, डी, आय, आणि एंटर. जे नवीन असेल ते उतरतं, आणि प्रत्येकाची एकच ओळ बोलून दाखवली जाते. कुठून आलं, कुठे ठेवलं, किती लांब आहे. बस. ती मुलगी म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, हो, एवढंच. आणि मनात म्हटलं, बाई गं, त्या 'एवढंच'वरून आम्ही किती भांडलोय ते तुला काय ठाऊक.

आपली ओळखही भांडणानेच झाली होती. याच स्वयंपाकघरात, गणपतीच्या जेवणाला. मी सांगलीहून नुकतीच इथे जर्मनीत, येनातल्या भिंगांच्या कंपनीत टेस्टिंगला आलेले. तू ताट घेऊन कोपऱ्यात बसलेला, पांढरी काठी भिंतीला टेकवलेली. मला आलं भरून. मी काय केलं, तुझ्या शेजारी बसले आणि तुझ्या ताटातला वरणभात सरळ कालवायला घेतला. लिंबू पिळलं, तूप घातलं, बोटांनी छान एकजीव केला. तू ऐकत होतास. माझं झाल्यावर शांतपणे म्हणालास, "ताई, डोळे नाहीत. हात आहेत." आणि ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसलास. लाजेने मेल्यासारखं झालं मला, आणि रागही आला. आमच्यात आल्यागेल्याला, पोराला, आजाऱ्याला कालवून देतात रे. त्यात अपमान कसला?

पुढे वर्षानुवर्षं तो शब्द आपल्यात राहिला. मी ट्रॅमचं तिकीट परस्पर काढलं, की "कालवू नकोस." परदेशी नागरिकांच्या ऑफिसात तुझ्याऐवजी मीच बोलायला लागले, की मराठीत हळूच, "मेधा, कालवतेयस." आणि मी म्हणायचे, मर मग उपाशी.

पण त्या खिडकीच्या वेळेला तू जे बोललास ते मला अजून पटलेलं नाही, तू मेलास तरी. मला वाटलं होतं, तुझ्या 'गाडी'ला एक देखणं रूप द्यावं. माझे सुट्टीचे सगळे दिवस त्यात घातले. पडद्यावर खिडकी केली, मोठी मोठी बटणं केली, प्रत्येकावर चित्र. उतरवा, ऐका, पुसा. तुझ्यासमोर लावलं. तुझा पडदा वाचणारा आवाज जर्मन बोलायचा तेव्हा. तू एकेक कळ दाबत गेलास आणि तो म्हणत गेला, शाल्टर. शाल्टर. शाल्टर. शाल्टर. म्हणजे बटण, बटण, बटण, बटण. चित्रांना नावं द्यायची मी विसरले होते. मला दिसत होती ना ती! तू इतका हसलास की खुर्चीवरून पडायचा बाकी होतास. मग हसणं थांबवून म्हणालास की हे तू स्वतःसाठी केलंयस, माझ्यासाठी नाही. नावं घालून देते म्हटलं तरी तू खिडकी घेतली नाहीस ती नाहीच. चूक माझी होती, मान्य. पण माणसाने कष्ट केलेत हे बघून निदान दोन दिवस वापरायची होतीस. कौतुक करायला डोळे लागत नाहीत.

बदला म्हणून तू मराठी आवाज बसवलास. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा, पण मराठी. तुझ्या पडद्याला देवनागरी अक्षरं उमटवता यायची नाहीत, त्यामुळे मला तिथे नुसते चौकोन दिसायचे. तुला सगळं ऐकू यायचं. तू खुशीत विचारायचास, काय लिहिलंय गं, वाच की. मग हेडफोन काढून मला ऐकवायचास, जसा काही उपकारच करतोयस.

त्या दिवशीच मी विचारलं होतं की हे फलाट काय आहे. आणि तू अण्णांबद्दल पहिल्यांदा नीट बोललास.

तुझे वडील संगमनेरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. चौकशीच्या खिडकीमागे माइक. शाळा सुटली की तू तिथेच बाकावर. तुझी नजर तेव्हा कडेकडेने जायला लागलेली, फळ्यावरची वेळापत्रकं दिसेनाशी झालेली. पण तुला फळा लागायचाच नाही. अण्णा एकदाच बोलायचे, सावकाश, एका ओळीत. कुठून आलेली, कुठे जाणारी, कुठल्या फलाटावर. म्हातारी, अडाणी, पोरंबाळं घेतलेली माणसं, सगळी तेवढ्यावर बरोबर आपापल्या गाडीत चढायची. तू म्हणालास, जगात मी ऐकलेलं सगळ्यात उत्तम यंत्र म्हणजे माझा बाप. एका पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला आणि वरून निरोप आला की गाडी उशिराने येईल असं सांगत राहा. अण्णांनी माइक उचलला आणि म्हणाले, "मार्ग बंद आहे. घरी जा." लोकांना खोट्या आशेवर बसवायचं नाही. साहेब ओरडले, ओरडू दे.

म्हणून 'गाडी'त तीनच उत्तरं. नवीन असेल तर फलाट. नसेल तर "आज गाडी नाही." आणि ज्या पत्त्यावरून कार्यक्रम यायचा तो पत्ताच नाहीसा झाला असेल, तर "मार्ग बंद आहे." मी म्हटलं होतं, एवढं तोडून नको, थोड्या वेळाने प्रयत्न करा असं घाल. तू उसळलास. आल्झो, हे बघ बाई, थोड्या वेळाने येणार नसेल तर? यंत्राने खोटं बोलायचं नाही, हा अण्णांचा नियम आहे.

आणि याच अण्णांशी तू बोलत नव्हतास. किंवा ते तुझ्याशी. तुमच्यातलं कोण जास्त हेकट, हे ठरवायला मी दोघांनाही पुरेसं ओळखत नाही.

डोळ्यांचा तो आजार तुझ्याकडे त्यांच्याकडूनच आला. तुझे विशीच्या आत गेले, त्यांचे रिटायर झाल्यावर. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पेपर धरून बसायचे, वैशालीताईंना वाटायचं वाचतायत. एकदा पेपर उलटा होता. तू सुट्टीत गेलास तेव्हा एक जुना लॅपटॉप त्यांच्यासाठी तयार करून नेलास. चालू केला की सरळ बोलायलाच लागेल असा. चार कळांवर एम-सीलचे टिपके चिकटवलेस, बोटाला लागावेत म्हणून. अण्णा म्हणाले, हे आंधळ्यांचं मला नको. तू समजावलंस. ते म्हणाले, तू लहानपणी शिकलास, मला या वयात कशाला नाचवतोस. आणि मग तू ते बोललास. माझ्यापुढे एकदाच कबूल केलंस, तेही मान फिरवून. तू म्हणालास, "अण्णा, आंधळेपण मी तुमच्याकडून मुकाट घेतलं. शिकणं तुम्ही माझ्याकडून घ्या."

काय बोललास रे हे. कुठल्या बापाला हे ऐकवेल? ते उठून आत गेले, आणि त्यानंतर फोनवर आलेच नाहीत. वैशालीताई म्हणायच्या, अण्णा झोपलेत. अण्णा देवळात गेलेत. लॅपटॉपवर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला.

मग तू ते खूळ सुरू केलंस. दर रविवारी, इथल्या युनिव्हर्सिटीने इंटरनेटवर दिलेल्या तुझ्या जागेवर, अण्णांसाठी एक पॉडकास्ट. ऐकणारा एकच. त्यांच्या लॅपटॉपमध्ये पत्ता तू आधीच भरून ठेवला होतास. त्यांनी फक्त टॉवेल काढायचा आणि चार कळा दाबायच्या. तू दर रविवारी जेवण झालं की बोलायचास, फाईल ठेवायचास, आणि मागच्या आठवड्याची कोणी उचलली का ते बघायचास. मला बाहेरून ऐकू यायचं, तुझी बोटं पडद्यावरचं टिपक्यांत उमटवणाऱ्या ब्रेलच्या पट्टीवरून त्या ओळीवर जाऊन थांबायची. मी चहा टाकत विचारायचे, काय? तू म्हणायचास, काही नाही. दुसरा रविवार, काही नाही. बर्फ पडला, वितळला, साले नदीच्या काठावर लोक परत सायकली काढून फिरायला लागले, आणि तुझं आपलं काही नाही.

मी किती वेळा सांगितलं तुला. व्हॉट्सॲपवर पाठव. वैशालीताई फोन कानाला लावतील त्यांच्या, विषय संपेल. पाच मिनिटांचं काम. तू म्हणायचास की तसं केलं की अण्णा कायमचे दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसतील. मला ते नकोय. त्यांनी स्वतः मागून घ्यायचं. मी म्हणायचे, अरे, बाप आहे तो, प्रयोग नव्हे. तू म्हणायचास, तू कालवणारच.

तुझं तत्त्व बरोबर होतं, मिलिंद. आणि तरी तू चुकलास. हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं, म्हणजे सांगितलं होतं, पण तेव्हा तू जिवंत होतास आणि उलट बोलू शकत होतास. आता बोल.

तुझ्या रक्ताच्या आजाराबद्दल मला लिहायचं नाही. तो आला आणि त्याने थोडक्या महिन्यांत काम उरकलं. पण दोन गोष्टी सांगते. एक, हॉस्पिटलातल्या वायफायला जोडताना जे पान उघडायचं त्याच्यावर दोन बटणं होती, आणि लॅपटॉप म्हणाला, शाल्टर. शाल्टर. तू मास्कच्या आतून म्हणालास, मेधा, तुझा कोणीतरी भाऊ इथे कामाला आहे. इतक्या वाईट दिवसात मला हसू आलं. रोज सकाळी ती उंच नर्स येऊन बरोबर बटण दाबून द्यायची, आणि तिच्याकडून ते तू मुकाट करून घ्यायचास. माझ्याकडून नसतं घेतलंस.

दुसरी गोष्ट तुझ्या बोटांची. औषधांनी तुझ्या बोटांची टोकं बधिर झाली. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी, कदाचित परत येईल. सांगताना ते तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते, ब्रेलच्या पट्टीकडे नाही. त्यांना कुठून कळणार? तू पट्टीवर हात ठेवलास, फिरवलास, परत फिरवलास. मग पट्टी बाजूला सारलीस आणि म्हणालास, "आता झालो खरा आंधळा." तुझ्या तोंडून मी तक्रार ऐकलेली ती एवढीच. मला तुझा हात धरायचा होता, पण हातमोजे होते, आणि तुझ्या बोटांना तो लागलाही नसता.

त्यानंतरच्या रविवारी तू अण्णांसाठी बोललास. मला बाहेर जायला सांगितलंस, म्हणून मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. काचेतून दिसत होतं की तू थांबून थांबून बोलतोयस. मग मला आत बोलावलंस. फाईल जागेवर ठेवायची होती आणि कळा तुला सापडत नव्हत्या. मी काही पुढे झाले नाही. हात मागे बांधून उभी होते, शपथेवर सांगते. तू बराच वेळ खटपट केलीस. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवलास.

"मेधा, तू कालव आज."

केलं मी. तू एकेक अक्षर सांगत गेलास, मी टाइप करत गेले. झाल्यावर तू विचारलंस, मागची कोणी उचलली? मी बघितलं. नव्हती उचलली. खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हो रे, उचलली, संगमनेरहून. तुला कसं कळलं असतं? बोटं तर बधिर. पण मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, गेनाऊ, बरोबर आहे, आणि उशीला टेकलास. त्या आठवड्यात तू गेलास. आता रोज वाटतं, बोलायला हवं होतं खोटं. आणि लगेच वाटतं, नाही. ठरवता येत नाही मला.

तुझ्या मागून जी कागदपत्रं असतात ती झाली. युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर विभागातली बाई फार सौजन्याने बोलली. म्हणाली, सेमिस्टर संपलं की अकाउंट बंद होतं, त्यावरचं सगळं जातं, हवं ते आधी काढून घ्या. म्हणजे अण्णांचे सगळे रविवार जाणार होते. मी त्याच संध्याकाळी सगळ्यांची एक प्रत माझ्याकडे घेतली. एकही ऐकलं नाही. ते पॉडकास्ट कोणासाठी आहे ते मला माहीत आहे.

मग अण्णांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. वैशालीताईंनी त्यांच्या कानाशी धरला. मी म्हटलं, अण्णा, मी मेधा, मिलिंदची येनातली मैत्रीण. सांगायचं ते एका दमात सांगितलं. तो तुमच्यासाठी दर रविवारी बोलून ठेवायचा. सगळं आहे माझ्याकडे. पेनड्राइव्हवर घालून पाठवते, किंवा आत्ता व्हॉट्सॲप करते, ताई लावून देतील, तुम्हाला काही करायला नको. खरंच, अगदी तूप-लिंबू घालून कालवलेला भात होता तो.

मला वाटलं, आता म्हणतील मला नको. मग त्यांचा आवाज आला. काय आवाज आहे रे. म्हातारा झालाय, पण प्रत्येक शब्द सुटा.

"त्याने कसं घ्यायला सांगितलं होतं?"

मी म्हटलं, लॅपटॉपवर. चार कळा आहेत.

"मग तसंच सांगा."

वैशालीताईंनी टॉवेल काढला. लॅपटॉप चार्ज करायलाच कितीतरी वेळ गेला. मग फोन स्पीकरवर ठेवला, मी क्रम एकदाच सांगितला, डावीकडून तिसरा टिपका, पहिला, दुसरा, चौथा, मग एंटर, आणि अण्णांनी ताईंना बजावलं की हात लावायचा नाही. मला ऐकू येत होतं सगळं. लॅपटॉपचा आवाज आला, तयार आहे. अण्णा दचकले, म्हणाले, हा कोण पत्र्याच्या डब्यातून बोलतोय. मग त्यांची बोटं कळांवरून फिरल्याचा आवाज. म्हणाले, टिपका लागला. मग दुसरा. मी इथे फोन घट्ट धरून बसलेली, जी म्हणू की नको म्हणू, आणि तोंड दाबून गप्प. तुझ्यासाठी गप्प बसले, लक्षात ठेव. पहिल्यांदा चुकलं. डबा म्हणाला, अशी आज्ञा नाही. अण्णा म्हणाले, असं का, बरं. आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग ते सुरू झालं.

"येनाहून आलेली गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. लांबी नऊ मिनिटे." थोडं थांबून, "येनाहून आलेली गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. लांबी बारा मिनिटे." एकामागून एक. सगळे रविवार, ज्या क्रमाने तू ठेवलेस त्या क्रमाने. एकदाच, सावकाश, एका ओळीत.  फार वेळ चाललं ते.

थांबल्यावर अण्णा म्हणाले, "हे तर मी आहे." मग परत, "वैशाली, हा माझं बोलतोय गं. कुठून, कुठे, एकदाच. माझंच आहे हे."

वैशालीताई रडत होत्या. अण्णांनी पहिली फाईल लावली. "अण्णा, मिलिंद बोलतोय," एवढं ऐकू आलं तुझं, आणि मी फोन ठेवला. मग जाऊन बघितलं. ज्या ओळीवर तू दर रविवारी बोटं टेकायचास, तिथे आलं होतं. संगमनेरहून उचललं. प्रत्येकापुढे. तुझ्या जिवंतपणी एकापुढेही आलं नाही, आणि आता सगळ्यांपुढे. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. तुमच्या दोघांचाही राग येतो.

दोन दिवसांनी अण्णांनीच फोन केला. मी विचारलं नव्हतं, पण म्हणाले, पहिल्या गाडीत विशेष काही नाही. थंडी आहे म्हणतो, बटाट्याची भाजी करपली म्हणतो, ट्रॅमची घंटा कशी वाजते ते तोंडाने वाजवून दाखवतो. छान बोलतो. मी म्हटलं, पुढच्यात असेल काहीतरी. ते म्हणाले, पुढची रविवारी. तो आठवड्याला एक पाठवायचा ना? मग तशीच ऐकणार. नाहीतर संपतील.

शेवटची कुठे बोललास, कशी बोललास, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना तिथे पोचायला पुष्कळ रविवार आहेत. पोचतील तेव्हा मी फोनजवळ असेन.

आता ते सांगते ज्यासाठी हे लिहायला बसले. अण्णा दर रविवारी नुसती पुढची फाईल लावत नाहीत. आधी चार कळा दाबतात. सगळं तर उतरलेलंच आहे, त्यामुळे डबा म्हणतो, आज गाडी नाही. ते ऐकून मग जुन्यातली पुढची लावतात. मी विचारलं, अण्णा, आधी ते कशाला? म्हणाले, विचारायला काय जातं.

आणि सेमिस्टर संपत आलं. अकाउंट बंद झालं, तुझी जागा गेली, की पुढच्या रविवारी तुझं यंत्र त्यांना काय सांगणार होतं ते तुला माहीत आहे. तूच लिहिलंयस. अण्णांच्याच नियमाने, अण्णांच्याच शब्दांत, मार्ग बंद आहे.

नाही जमलं मला, मिलिंद. माझ्या स्वतःच्या जागेवर मी तुझे सगळे रविवार तसेच्या तसे मांडले. अण्णांच्या लॅपटॉपमध्ये दुरून शिरायची एक वाट तू ठेवली होतीस, काही बिघडलं तर दुरुस्त करता यावं म्हणून. त्या वाटेने गेले आणि पत्ता बदलला. त्यांना विचारलं नाही. वैशालीताईंनाही नाही. कालवलं मी, पूर्ण, तूप घालून. ये आणि भांड.

पण यंत्र खोटं बोललेलं नाही, एवढं ऐकून घे. काल रविवार होता. संगमनेरला अण्णांनी चार कळा दाबल्या, आणि त्याने सांगितलं, आज गाडी नाही. नाहीच आहे आज. उद्याचं त्याने काही सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.